प्लॉट कोणाच्या वावरात पडतो?

पेरणीच्या आधीची नोंद आहे, पण आज पावसाचं काही सांगत नाही.

३ जूनला दादाजी खोब्रागडे यांचा स्मृतिदिन झाला. आपल्या सगळ्या ग्रुपवर त्यांचे हार घातलेले फोटो फिरले. मीही एक पुढे ढकलला. त्याच दुपारी फोन आला, "भाऊ, यंदाही नैसर्गिक शेतीचा प्रात्यक्षिक प्लॉट तुमच्याच वावरात टाकतो." पाच वर्षांतली ही चौथी खेप. कारण उघड आहे. माझं वावर वरोऱ्याच्या डांबरी रस्त्याला लागून, गाडी धुऱ्यापर्यंत येते. विहिरीला पाणी आहे, ट्रॅक्टर आहे, दोन गाई आहेत, पाहुणे आले तर चहा होते. मी कुणबी आहे हे कोणी विचारत नाही. विचारायची गरजच पडत नाही.

नव्या पोरांसाठी दादाजींची गोष्ट थोडक्यात. नागभीड तालुक्यातलं नांदेड. तिसरी शिकलेला, दीड एकराचा दलित शेतकरी. १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या बाजूला काढल्या, वर्षामागून वर्ष लावल्या, निवडत गेले. दाणा बारीक, भाताला चव. त्या धानाला तेव्हाच्या नामी घड्याळाचं नाव पडलं, एचएमटी. १९९४ मध्ये सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने त्यांच्याकडून ५ किलो बियाणं नेलं, आणि १९९८ मध्ये अकोल्याच्या विद्यापीठाचा वाण म्हणून 'पीकेव्ही एचएमटी' बाहेर आला. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही तो शुद्ध केला. केला असेल. शुद्धीकरण काही फुकटचं काम नाही. पण वाणाच्या नावात विद्यापीठ आलं, घड्याळ आलं, माणूस तेवढा राहून गेला. शेतकऱ्याने काढलेल्या वाणावर त्याचा हक्क मानणारा कायदा २००१ चा, म्हणजे तोवर उशीर झाला होता. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आलं. २०१८ मध्ये गडचिरोलीकडच्या शोधग्रामच्या दवाखान्यात ते गेले, तेव्हा घरात पैसा नव्हता.

यावर हळहळणारे पुष्कळ आहेत. माझं भांडण आजचं आहे.

माझ्या धुऱ्याला लागून एकजण चार एकर मक्त्याने करतो. बौद्ध वस्तीतला, पन्नाशीचा. त्याचं वावर उताराचं, हलकं, विहीर नाही. माझ्या भारी काळ्या जमिनीवर जे निष्पन्न होते, ते त्याला छापील पत्रकात मिळते. सोयाबीन बीबीएफवर पेरा. त्याच्याकडे ट्रॅक्टर नाही, भाड्याचा येईपर्यंत ओल उडते. सेंद्रिय कर्ब वाढवा, कुटार वावरातच राहू द्या, धैंचा गाडा, तीन-चार वर्षं धीर धरा. बरोबर आहे, कर्ब एका हंगामात वाढत नाही. पण त्याचा मक्ता अक्षय तृतीयेला संपते. कुटार मालकाच्या गोठ्यात जाते. मी त्याला म्हटलं, थोडं थोडं तरी कर. तर म्हणाला, "मी जमीन सुधारवली का मालक मक्ता वाढवते, भाऊ. नाहीतर दुसऱ्याले देते."

मंडळी, शाश्वत शेतीचा यापेक्षा मोठा संशोधनाचा प्रश्न आपल्या तालुक्यात कोणता आहे? आणि तो एकाही प्लॉटच्या फलकावर का नाही? कारण फलक माझ्या वावरात लागते, अन् माझ्या वावरात हा प्रश्नच नाही.

जीवामृताचं तसंच. एकराला २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, तेवढं गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. याला 'शून्य खर्च' म्हणतात. ज्याच्या दारात गाय नाही त्याने शेण कुठून आणावं? आणि ज्याच्या दारात गाय आहे त्याच्याकडे शेण काढायला कोण येते, तेही पाहा. माझ्याकडे जी बाई येते तिनेच दर वर्षी ड्रम ढवळला. कोणता ड्रम आंबला अन् कोणता बिघडला हे ती वासावरून सांगते, मला अजून जमत नाही. प्रशिक्षणाच्या फोटोत ती एकदाही नाही. मी मात्र सगळ्या फोटोंत आहे.

पलीकडे गडचिरोलीत माडिया, गोंड शेतकऱ्यांकडे जा. २०२३ हे भरडधान्याचं वर्ष होतं, तेव्हा कोदो-कुटकी एकदम पोस्टरवर आली. ज्यांनी ती सांभाळली त्यांच्यातल्या कित्येकांची वनहक्काची जमीन बँकेच्या दारात धड शेती म्हणून धरली जात नाही. राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली, मनापासून आनंद झाला. पण पुरस्कार काम झाल्यावर मिळते. कोणत्या वाणाची चाचणी घ्यायची हे जिथे ठरते, त्या खुर्चीवर राहीबाईसारखी बाई कधी बसणार?

आता नेहमीचा आक्षेप येईल, "शेतीत जात आणू नका." मी आणत नाही बाप्पा, सरकारच्या कागदात ती आधीपासून आहे. कृषी गणना अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर असे खातेदार वेगळे मोजते. विहिरीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे, आदिवासी शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. म्हणजे विहीर देताना जात दिसते, प्लॉट टाकताना दिसत नाही. आणि मक्तेदार, ज्याचं नावच सातबाऱ्यावर नाही, तो तर कुठेच दिसत नाही.

न मोजल्याने काय होते ते अमेरिकेत पाहा. तिथे १९२० साली काळे शेतकरी सव्वानऊ लाखांच्या घरात होते, पुढच्या साठ वर्षांत ते चाळीस हजारांच्याही खाली आले. कर्ज नाकारणं, उशिरा देणं, पेरणी निघून गेल्यावर देणं. ज्या १९८३ साली दादाजींना त्या लोंब्या दिसल्या, त्याच वर्षी तिथल्या कृषी खात्याने भेदभावाच्या तक्रारी तपासणारं कार्यालयच मोडीत काढलं. शेवटी शेतकरी कोर्टात गेले, १९९९ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली. तोपर्यंत बहुतेकांची जमीन गेली होती.

या पानावर कृषी विद्यापीठाचे, केंद्राचे बरेच जण आहेत, ते मन लावून काम करतात हे मी पाहिलं आहे. त्यांना थेट सांगतो. प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीत तीन रकाने वाढवा. वावर कोणाचं, कसते कोण, आणि कसणारा कोणत्या प्रवर्गातला, बाई की माणूस. पाच वर्षांच्या वह्या काढून एकदा बेरीज करा. मी माझी केली, म्हणून हे लिहितो आहे. आणि बियाणं कोणाच्या घरून आणलं तर पिशवीवर त्याचं अन् गावाचं नाव छापा, शाई काही महाग नाही.

फोनवर मी म्हटलं, यंदा प्लॉट माझ्याकडे नको, बाजूच्या वावरात टाका, पाणी माझ्या विहिरीचं देतो. उत्तर आलं, "सातबारा त्याच्या नावाचा नाही, मालकाचं संमतिपत्र लागेल." मालक नागपूरला राहतो. शेजाऱ्याला सांगितलं तर तो हसला, म्हणाला, "प्लॉट आला का मालक यंदाच मक्ता वाढवन." तेही खोटं नाही. म्हणून संमतिपत्रातच तीन वर्षं तोच मक्ता असं लिहून घ्यायचं ठरवलं आहे. रविवारी आम्ही दोघं नागपूरला जातो. तोवर शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर पंचाईत आहे.