गुंतागुंत कुणाला आवडते हो?

बऱ्याच दिवसांनी शनिवार रिकामा मिळालाय, तर डोक्यात घोळणारं एकदाचं लिहून टाकतो.

आमच्या टीममधल्या एका मित्राचा लाडका सिद्धांत आहे: फॅक्टोरिओसारखे गेम बुद्धिमान लोक खेळतात, कारण त्यांना गुंतागुंत आवडते. ऐकणारे सगळे माना डोलावतात. बुद्धिमान म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? (मीही डोलावली होती.)

पण हे साफ खोटं आहे. गुंतागुंतच हवी असेल तर सातबाऱ्यावर चुकलेलं एक नाव दुरुस्त करून दाखवा. रजा टाकून, मजा म्हणून ते करायला निघालेला गेमर मी अजून पाहिलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फॅक्टोरिओ हा प्रागच्या वूब सॉफ्टवेअरचा गेम. 2016 साली स्टीमवर आला, 1.0 आवृत्ती 2020 मध्ये. तुम्ही परक्या ग्रहावर आपटलेले इंजिनिअर. लोखंड-तांबं खणा, वितळवा, पट्ट्यांवरून यंत्रांकडे पाठवा, शेवटी रॉकेट उडवा. एका हिरव्या सर्किटला लोखंडाचा एक पत्रा आणि तांब्याच्या तीन तारा लागतात. तांब्याच्या एका पत्र्यातून तारा निघतात दोन. म्हणून तारेची तीन यंत्रं असली तर सर्किटची दोन पूर्ण वेगाने चालतात. हे प्रमाण चुकलं की चार तासांनी भलतीकडेच काहीतरी बंद पडतं.

आणि खरी गोडी तिथे आहे. बंद पडलेल्या यंत्रापासून पट्टा धरून मागे मागे चालत जायचं. कारण सापडतंच. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" नाही, "हे आमच्या टीमकडे येत नाही" नाही. चूक माझी, ती मला दिसते, मी ती काढतो. नोकरीत हे सुख मला मोजून दोनदा मिळालंय. लोकांना ओढते ती उत्तर देणारी गुंतागुंत. नुसती गुंतागुंत फुकट मिळते.

इथवर गेमचं कौतुक. आता पुढचं.

दिवाळीला कोरपन्याला गेलो होतो. आमचा तालुका म्हणजे चुनखडी, सिमेंट आणि कापूस. रात्री लॅपटॉप उघडला तर बाबा मागे येऊन उभे. "काय करून रायला बे? इथं बी कारखानाच का?" त्यांना समजावायला काहीच वेळ लागला नाही. चुनखडी फोडायची, दळायची, भट्टीत साडेचौदाशे अंशांच्या आसपास तापवायची, क्लिंकर निघालं की जिप्सम घालून पुन्हा दळायचं, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. मग त्यांनी नकाशावरच्या लाल ढगावर बोट ठेवलं.

"हे लाल काय आहे?"

"प्रदूषण."

"अन् हे किडे?"

"धूर त्यांच्या घरट्यापर्यंत पोचला की ते चाल करून येतात. मग आपण तोफा लावायच्या."

बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे किडे आपण."

आमचं शेत ट्रकांच्या रस्त्याला लागून आहे. वेचणीच्या वेळी कापसावर काळी धूळ असते आणि व्यापारी ती बघून भाव पाडतो. ती धूळ कुणाच्या हिशोबात लागत नाही. गेममध्ये निदान लागते! झाडं धूर शोषतात, झिजतात, ढग नकाशावर दिसतो. एवढ्यापुरता गेम आपल्यापेक्षा प्रामाणिक. पण धुराचा त्रास होणाऱ्यांशी बोलायचं बटण त्यात नाही. भरपाई नाही, जनसुनावणी नाही. तोफ आहे. हीसुद्धा एक ओढ आहे, फक्त सिद्धांत मांडणारे ती सांगत नाहीत: समोर विचारणारं कुणी नसतं. मी शेकडो तास तोफा लावल्यात, आणि मी कापूसवाल्याच्या घरचा.

सेटिंगमध्ये किडे आणि प्रदूषण, दोन्ही बंद करता येतात. आमच्या सिद्धांतवाल्या मित्राने केलेत. कामात व्यत्यय येतो म्हणे. ह्याला गुंतागुंत आवडते!

मी चालू ठेवलेत. काल रात्री त्यांनी पूर्वेकडची भिंत फोडली. तोफांना गोळ्याच पोचत नव्हत्या, मागे कुठेतरी लोखंड अडकलंय. बघतो जाऊन.