विश्लेषण : ‘लपाछपी’ पाहून कुणी घाबरतं, कुणी नाही, असं का?

एकाच भयपटाबद्दल दोघे बोलायला लागले की दोघांनी वेगवेगळे सिनेमे पाहिले की काय, असं वाटतं. एकाला अजिबात भीती वाटलेली नसते. दुसरा शेवटचा अर्धा तास श्वास रोखून बसलेला असतो. जुलै २०१७ मध्ये आलेल्या ‘लपाछपी’ या मराठी सिनेमाबाबत हेच घडलं आणि आजही घडतं. दोष कमी खर्चात बनलेल्या सिनेमाचा, की पाहणाऱ्याचा? औष्णिक वीज केंद्राची वसाहत असलेल्या चंद्रपूरच्या ऊर्जानगरातून या प्रश्नाकडे पाहिलं, तर तिसरंच उत्तर मिळतं.

सिनेमात काय आहे?

दिग्दर्शक विशाल फुरिया यांच्या या सिनेमात नेहा (पूजा सावंत) आणि तिचा नवरा शहरातली पैशांची भानगड टाळण्यासाठी गावाकडच्या एका घरात लपायला येतात. नेहाला आठवा महिना आहे. घराभोवती डोक्यापेक्षा उंच ऊस आहे आणि घरात आहे गोड बोलणारी तुळसाबाई (उषा नाईक). मुलांचे आवाज ऐकू येतात, पण मुलं दिसत नाहीत. ही गोष्ट स्त्रीभ्रूणहत्येची आहे, हे हळूहळू उलगडत जातं. फुरिया यांनीच २०२१ मध्ये ‘छोरी’ या नावाने तिचा हिंदी अवतार केला.

प्रेक्षकांचे आक्षेप कोणते?

अशा सिनेमांबाबत ठरलेल्या तक्रारी असतात. पहिला भाग संथ आहे, अचानक मोठा आवाज करून दचकवलं जातं, त्याच घरात पात्रं पुन्हा पुन्हा फिरतात आणि शेवटी संदेश फार ठळकपणे सांगितला जातो. ‘लपाछपी’बाबत यातल्या काही तक्रारी रास्त आहेत. शेवटाकडे सिनेमा बोलतो जास्त. मात्र ‘संथ आहे’ ही तक्रार तपासून घ्यायला हवी. नेहाचं घरातलं एकटेपण प्रेक्षकाला जाणवल्याशिवाय तुळसाबाईच्या प्रेमळ आग्रहातली जबरदस्ती कळत नाही. तो वेळ वाया गेलेला नाही, पुढच्या भीतीची ती पायाभरणी आहे.

कमी बजेट ही अडचण की सोय?

दोन्ही. अमेरिकेत ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ स्वतःच्याच घरात, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये चित्रित केला. जगभरात त्याने १९ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. आपल्याकडे रामसे बंधूंनी १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून कमी पैशांत भयपटांचा कारखानाच चालवला. झपाटलेलं घर निर्मात्याला परवडतं, कारण सेट एकच लागतो आणि पात्रं मोजकी लागतात. पैसे नसले की भूत दाखवता येत नाही, ते सुचवावं लागतं आणि सुचवलेलं भूत बहुतेक वेळा जास्त भीतीदायक असतं. पण कमी बजेट हे ढिसाळ पटकथेला माफी देण्याचं कारण होऊ शकत नाही. पटकथा पुन्हा लिहून काढायला कॅमेऱ्याचं भाडं लागत नाही.

पडदा बदलला की मत बदलतं का?

बदलतं, आणि त्याचं कारण साधं तांत्रिक आहे. भयपटाची निम्मी भीती आवाजात असते. त्यातही खोल, घुमणाऱ्या आवाजात. मोबाइलचा बोटभर स्पीकर हा खर्जातला आवाज नीट काढूच शकत नाही. वर खोलीत ट्यूबलाइट सुरू, मध्येच फोन आणि कंटाळा आला की दहा सेकंद पुढे. मग ‘भीती वाटली नाही’ हे मत सिनेमाबद्दलचं कमी आणि पाहण्याच्या पद्धतीबद्दलचं जास्त असतं. काळानेही मत बदलतं. २०१८ मध्ये फारसा न चाललेला ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. सिनेमा तोच होता, प्रेक्षक बदलला होता.

ऊर्जानगरात भीतीचं माप वेगळं का?

पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला ऊस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आत शिरलं की चार हातांवरचं दिसत नाही, हा त्याचा अनुभव आहे. चंद्रपूरकडे धान, कापूस, सोयाबीन. इथे नजर अडते ती झुडपांनी. २९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आसपासचं झुडपी रान ताडोबाच्या जंगलाला जवळ आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एक कंत्राटी कामगार ठार झाला. लगेचच शेजारच्या दुर्गापूरमध्ये बिबट्याने एका किशोरवयीन मुलाचा बळी घेतला. त्यानंतर झुडपं साफ करा, ही मागणी जोरात झाली.

रात्रपाळी संपवून अंधारातून घरी येणाऱ्या माणसाला पडद्यावरचं भूत किरकोळ वाटलं, तर त्याला अरसिक म्हणता येणार नाही. पण हाच प्रेक्षक ‘लपाछपी’तला उसाचा प्रसंग इतरांपेक्षा चांगला ओळखेल. पुढे काहीतरी आहे आणि ते दिसत नाही, ही भीती त्याला भुताशिवायच ठाऊक आहे.

भूत दाखवणं निरुपद्रवी आहे का?

नेहमीच नाही, आणि या भागात तर हा प्रश्न टाळताच येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात वणी खुर्द इथे भानामतीच्या संशयावरून वृद्ध आणि महिलांना भर चौकात बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा इथे जादूटोण्याच्या संशयावरून एक महिला आणि एक पुरुष यांना जिवे मारण्यात आलं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तरीही हे घडलं.

याचा अर्थ सिनेमामुळे हे घडलं, असा नाही. या प्रथा सिनेमापेक्षा जुन्या आहेत. पण ज्या सिनेमात गावातली एकटी म्हातारी चेटकीण निघते आणि तिला संपवलं की सगळं सुरळीत होतं, तो सिनेमा त्याच जुन्या संशयाला दुजोरा देतो. शहरातल्या प्रेक्षकासाठी ती दोन तासांची गंमत असते. जिवती किंवा एटापल्लीतल्या एखाद्या विधवेसाठी ती गंमत नसते.

‘लपाछपी’ इथे बऱ्याच अंशी वेगळा ठरतो. त्यातही म्हातारी आहे आणि भूतही आहे, त्यामुळे तो पूर्ण सुटत नाही. पण गुन्हा करणीचा नाही, मुलगी नको असलेल्या घराचा आहे. भुतं तिथे मारलेल्यांची आहेत, मारणारी माणसं जिवंत आहेत. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. त्या आकड्यापुढे या सिनेमातली भुतं अतिशयोक्ती वाटत नाहीत.

मग मत कसं द्यावं?

‘घाबरलो’ किंवा ‘नाही घाबरलो’ एवढ्यावर भयपटाचा निकाल लावणं म्हणजे जेवण तिखट होतं की नव्हतं, एवढंच सांगण्यासारखं आहे. चव, पोषण, शिळं-ताजं हे सगळं राहूनच जातं. कमी बजेटच्या सिनेमाला भुताच्या मेकअपवरून नापास करण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. भीती कुठून आली, नुसत्या आवाजातून की माणसांच्या वागण्यातून? आणि शेवटी दोष कुणाच्या माथी मारला?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. वणी खुर्दच्या चौकात ज्यांना बांधलं, त्यांच्याही माथी कुणीतरी दोष मारलाच होता.