कडंवाला ‘ए’

डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहराचं नाव पूर्वी दोन ‘ए’ जोडून लिहीत. १९४८ च्या लेखनसुधारणेत त्या जोडीऐवजी डोक्यावर गोल कडं असलेला एकच ‘ए’ आला. २०११ मध्ये शहराने पुन्हा जुनं लेखन स्वीकारलं. आता विकिपीडियाच्या वर्गयादीत हे शहर बसवायचं कुठे? इंग्रजी वाचक ते सुरुवातीलाच शोधणार. डॅनिश वर्णमालेत मात्र कडंवाला ‘ए’ एकोणतिसावा, म्हणजे अगदी शेवटचा, आणि अशा नावांतल्या जोड-‘ए’चं स्थानही तेच, तिथला वाचक थेट तळाशी जाणार. दोघंही बरोबर! म्हणूनच लेखात ‘डिफॉल्टसॉर्ट’ची एक ओळ घालतात. ती वाचकाला दिसत नाही, पण शीर्षकाला हात न लावता यादीतली जागा ठरवते. चिन्हं सरसकट गाळून टाका म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. रोमन लिपीत टिळकांचा ‘ळ’ आणि लोकमान्यांचा ‘ल’ एकाच अक्षरात कोंबलेले आपल्याला खटकतातच ना? ज्याच्या कळफलकावर ते कडं नाही, त्याच्यासाठी साध्या लेखनाचं पुनर्निर्देशन करून ठेवावं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि शोधणारा नेमका हव्या त्या पानावर पोहोचतो.