विमान बिनमाणसाचं, गटार माणसाचं

एकलहऱ्यातून, थर्मलच्या चिमण्यांखालून लिहितोय. राखेतून वर बघितलं की आभाळात लष्कराची हेलिकॉप्टरं दिसतात. नाशिकरोडच्या गांधीनगरला त्यांची शाळा आहे. तिथं आता ड्रोनचे पायलटही तयार होतात. जमिनीवर बसून विमान उडवायचं. पडलं तर विमान पडेल, पायलट घरी जेवायला जाईल.

या सोयीची किंमत ऐका. ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्लीनं अमेरिकेकडून 31 एमक्यू-9बी घ्यायचा करार केला. सुमारे 32 हजार कोटी. क्षेपणास्त्रं, जमिनीवरची यंत्रणा, देखभाल धरून, मान्य. तरी भागाकार करा. नगाला हजार कोटींच्या वर!

यंत्र कामाचं आहे, खोटं कशाला बोला. 40 हजार फुटांवर जातं, तीस तासांहून जास्त घिरट्या घालतं, अंधारातही खालचं टिपतं. पण अजिंक्य-बिजिंक्य काही नाही. त्याच जातीची (विमानांनाही जात असते बरं का) सात विमानं 2025 च्या मार्च-एप्रिलात येमेनच्या हूथींनी पाडली. एकेक सुमारे 3 कोटी डॉलरचं. आपली देशी 'तपस' तर 30 हजार फूट आणि 24 तासांच्या अटीलाच पुरी पडली नाही.

18 सप्टेंबर 2024 ला नौदलाचं भाड्याचं एमक्यू-9बी बिघडून चेन्नईजवळ समुद्रात उतरवावं लागलं. कुणी मेलं नाही. आत कुणी नव्हतंच. जिथं मरण आहे तिथं माणूस धाडू नये, एवढी अक्कल सरकारला आहे. सैनिकाचा जीव वाचतो, वाचलाच पाहिजे.

मग ही अक्कल मॅनहोलच्या तोंडाशी का मरते?

तिथलं मरण शत्रूच्या तोफेचं नाही, साध्या विषारी वायूचं. खोली किती? वीस-पंचवीस फूट. 40 हजार फुटांवर डोळा ठेवणाऱ्या राज्याला वीस फूट खाली माणूसच लागतो, आणि तो कुठल्या वस्तीतला असतो हे मी सांगायला नको. 2013 चा कायदा आहे. साधनांशिवाय गटारीत उतरवणं गुन्हा. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं मेलेल्यामागं 30 लाख भरपाई ठरवली. म्हंजे एका ड्रोनच्या पैशात तीन हजारांवर मुडदे बसतात. गटारसफाई यंत्रावर आणायची केंद्राची 'नमस्ते' योजना, अख्ख्या देशाला, तीन वर्षांना, सुमारे 350 कोटी. ड्रोनचा एक पंख समजा.

यंत्र नाही असंही नाही. केरळातल्या पोरांनी 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव 2018 मध्येच गटारीत उतरवलाय. तेव्हा उद्या तुमच्या गल्लीत झाकण उघडलं आणि कंत्राटदारानं कुणाच्या कमरेला दोर बांधला, तर दोर धरा. मुकादमाला विचारा, मशीन कुठाय? ते आल्याशिवाय खाली कुणी उतरणार नाही.