लहान रेणू, मोठा प्रश्न

ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील सेवानिवृत्ताच्या घरी स्मृतिभ्रंश शिरला, की औषधाची किंमत हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. डोनेपेझिलसारखे मेंदूपर्यंत पोहोचणारे लहान रेणू रासायनिक कारखान्यांत घडविता येतात. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधपदार्थावरील मक्तेदारी नाकारल्यामुळे ते येथे स्वस्तही झाले. परंतु ते लक्षणे सौम्य करतात. ऱ्हास थांबवीत नाहीत. ऱ्हास मंदावणारे लेकानेमॅब हे प्रतिपिंड जिवंत पेशींत तयार करावे लागते. त्याची वार्षिक किंमत अमेरिकेत २०२३ साली २६,५०० डॉलर ठरली. शिवाय २००५ पासून आपल्याकडेही औषधपदार्थावर पेटंट मिळते. म्हणूनच ऱ्हास रोखणाऱ्या लहान रेणूचा शोध सरकारी खर्चाने आपल्या प्रयोगशाळांत व्हावयास हवा. अन्यथा उपाय सापडूनही तो निवृत्तिवेतनाच्या आवाक्याबाहेरच राहील.