बीज आणि क्षेत्र

मूल मतिमंद निपजलें कीं घरांत पहिला प्रश्न उठतो तो दोष कोणाकडचा, हा. बोट बहुधा सुनेच्या माहेराकडे जातें. ‘खाण तशी माती’ म्हणून वडीलधारी मंडळी उसासा टाकतात आणि उपायाचा विचार तेथेंच खुंटतो. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहण्यास नॉर्वे देशांतील एक उदाहरण उद्बोधक आहे.

१९३४ सालीं एका मातेनें आपल्या दोन मतिमंद मुलांची हकीकत डॉ. फॉलिंग यांस सांगितली. मुलांच्या मूत्रास चमत्कारिक वास येई. फॉलिंग यांनीं त्यांत फेरिक क्लोराइड घातलें, तों तें हिरवें झालें. या खुणेवरून शोध लागला तो असा : दूध, डाळ इत्यादिकांच्या प्रथिनांत फेनिलअलानिन नांवाचें द्रव्य असतें. यकृतांतील एक एन्झाइम त्याचें रूपांतर करतें. त्या एन्झाइमचीं दोन्ही जनुकें सदोष असलीं, तर तें द्रव्य रक्तांत सांचून वाढत्या मेंदूची हानि करतें.

येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, दोष एका बाजूचा नसतो. आई व बाप या दोघांकडूनही एकेक सदोष जनुक यावें लागतें. स्वतः तीं दोघेंही निरोगी असतात. मात्र अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. सुनेस बोल लावणारांनीं आपल्या कुळाकडेही पाहावें.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. विकार आनुवंशिक, म्हणून असाध्य, असें अनुमान कोणीही काढील. परंतु फेनिलअलानिन अत्यल्प असलेल्या आहारानें एका बालिकेंत सुधारणा झाल्याचें बर्मिंगहॅमच्या डॉ. बिकेल प्रभृतींनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलें. १९६३ सालीं डॉ. गथ्री यांनीं नवजात अर्भकाच्या टांचेंतील रक्ताच्या थेंबावरून हा विकार ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. जन्मतःच पथ्य सुरू करून तें नेटानें पाळलें, तर बुद्धि इतर मुलांप्रमाणें वाढते. जनुक तेंच राहिलें, ताट बदललें.

मग हा दोष बीजाचा कीं क्षेत्राचा? सदोष जनुकें नसतील तर तेंच दूध पोषक. आणि आहार आवरला तर तींच जनुकें बव्हंशीं निरुपद्रवी. पिकांत बियाण्याचा वांटा किती व पावसाचा किती, हें एका कणसापुरतें कोणता शेतकरी सांगेल? दोन कणसांत फरक कां पडला, हें मात्र त्यास सांगतां येईल. शास्त्रज्ञही समूहांतील फरकाचाच हिशेब मांडतात, आणि परिस्थिति पालटली कीं तोही पालटतो.

हा विकार विरळा आहे. सर्वच मतिमंदत्वाचें मूळ त्यांत नाहीं. तरी घरांत बाळ जन्मतांच ही तपासणी होईल कीं नाहीं, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें. पत्रिका दोन महिने उशिरां झाली तरी चालते. रक्ताच्या थेंबास तितका धीर नसतो.