कडी निघालीय, हे सांगणाऱ्याचं ऐका!

जळगावच्या एका पोरानं मला दाखवलं. एका कार्यालयाच्या वेबसाईटवर पत्त्यातला आकडा बदलला की दुसऱ्याचीच कागदपत्रं उघडतात. त्यानं ईमेल केला. वर त्यालाच विचारणा, 'तू तिथं गेलाच कसा?'

2018 च्या ऑगस्टमध्ये सायबर चोरांनी पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटी पळवले. 2022 पासून सर्ट-इनचा नियम आहे, हल्ला झाला की 6 तासांत कळवा. पण ही चोरीनंतरची घाई. कडी निघालीय असं शेजाऱ्यानं आधीच सांगितलं, तर?

माझं म्हणणं साधं आहे. बाहेरून आलेला इशारा ईमेलात कुजवू नका. सॉफ्टवेअरवाले रोजची कामं ज्या यादीत लावतात, तिथंच तो नंबर टाकून, कुणाच्या तरी नावावर चढवा. दुरुस्तीपर्यंत गुप्त ठेवा. धुळे-जळगावच्या पोरांना बक्षीस राहू द्या, निदान पोच तरी द्या.